तिसऱ्यांदा रंगवलेली मोटर

मार्गशीर्षातला दुसरा रविवार, सकाळचे नऊ. हजर: नायना, म्हणजे माझे वडील, अम्मा, मी, आणि टेंभुर्णीकडून पहिल्या एसटीने आलेले महादूकाका. शिवाय महादूकाकांच्या मांडीवर, आपल्याच सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक वस्तू, जिच्यामुळे त्यांना एसटीत दोन तिकिटं काढावी लागली होती. ही नोंद माझ्या त्या वेळच्या वहीत आहे. बारावी होऊन मी घरी बसले होते आणि करण्यासारखं काही नसलं की मी याद्या करत असे. घरात काय आहे, काय संपलं, कोण आलं, काय बोललं. अम्मा म्हणायची, "हिला एखाद्या गोदामात द्या लग्न करून."

महादूकाकांनी चादर सोडली. आत होती बोटीची विजेवर चालणारी मोटर. आमच्यापैकी कुणीही तोवर तसली मोटर पाहिली नव्हती. वर डोकं आणि धरायला हँडल, मध्ये दोन हात लांब नळी, आणि खाली दुधीभोपळ्याएवढा पाण्यात बुडणारा भाग, त्याच्या टोकाला पंखा. नळीला मधोमध एक क्लॅम्प, बोटीच्या फळीला आवळायचा. पण रूप असं, की हात लावायची इच्छा होऊ नये. भोपळ्यावर पांढरी भुकटी आलेली, जागोजागी रंगाचे फोड, फोडाखाली खड्डे. क्लॅम्पवर गंज. महादूकाकांनी ती पुण्याच्या एका माणसाकडून जुनी घेतली होती आणि त्याच्याआधी ती कोकणात कुठल्याशा खाडीत चालली होती. खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं बिचारीला.

"चालती झ्याक," महादूकाका म्हणाले. "बॅटरी लावली की आवाज सुदिक येत न्हाय. पर गिऱ्हाईक बगतंय आन् म्हनतंय, बुडवतोस का काय आमाला? बसतच न्हाईत की."

महादूकाकांचा धंदा उजनी धरणाच्या फुगवट्यावरचा. आधी मासेमारी, मग लाल पक्षी, म्हणजे रोहित, बघायला शहरातली माणसं येऊ लागली तशी बोट. डिझेलच्या इंजिनाने पक्षी उडून जात. म्हणून त्यांनी इंजिन विकलं आणि ही मोटर घेतली. म्हणजे आता त्यांच्याकडे इंजिन नव्हतं, आणि मोटर होती ती कुणी बसू नये अशी. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी कॅमेरेवाली मंडळी यायची ठरली होती. ती खूश होऊन गेली तर पुढचे रविवार भरणार, नाहीतर हंगाम गेला. महादूकाकांचा चुलतभाऊ नायनांच्या शेडमध्ये हमाली करायचा. त्याने सांगितलं होतं, जॉबरसाबकडे जा, लोखंडाचं काहीही असो, ते करतात.

इथे नायनांबद्दल सांगायला हवं. नायना जॉबर, म्हणजे मागांचे मिस्त्री. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या शेडमध्ये मागांच्या रांगेतून ते चालत गेले की कुठला माग आजारी आहे ते त्यांना खटक्यावरून कळे. आयुष्य त्या आवाजात गेल्यामुळे ते कमी ऐकत आणि फार मोठ्याने बोलत. ती शेड दिवाळीनंतर बंद पडली. माग भंगारात गेले. नायना महिनाभर घरात होते. सकाळी सवयीने सहाला उठत, डबा नाही हे आठवून पुन्हा बसत. पूर्वी रस्त्याने "जॉबरसाब" म्हणून हाक मारणारी माणसं आता नुसतीच हात करून जात. पान्ह्यांची पेटी त्यांनी पलंगाखाली सरकवली होती आणि तिच्यावर अम्माने तांदळाचा डबा ठेवला होता. तो डबा त्या सकाळी नायनांनी स्वतः उचलून बाजूला ठेवला. अम्माने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं: पेटी बाहेर आली.

"रंग कुठला पाहिजे?" नायनांनी विचारलं.

"मातकट. पान्यासारका. पाकरं बुजाय नकोत."

"मशीन म्हणजे हिरवा रंग," नायना म्हणाले.

"ते मागाला वो, जॉबरसाब. हितं बगळं बगत्यात."

शेवटी हिरवट राखाडी असं ठरलं. महादूकाका जेवून गेले. अम्माने पच्चिपुलुसु केलं होतं, चिंचेचं कच्चं सार, आणि सोबत भात नि शेंगाची चटणी. काकांनी ते सार दोनदा मागून घेतलं आणि आमच्या तेलुगू घरात पहिल्यांदाच जेवणाऱ्या माणसासारखं विचारलं, "हे शिजवायचं ऱ्हायलं का असंच असतंय?" अम्मा आठवडाभर हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पहिली यादी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केली आणि भिंतीला लावली. पंखा काढणे. सगळे स्क्रू एका वाटीत, वाटीवर झाकण. पांढरी भुकटी तारेच्या ब्रशने खरवडणे. जुना रंग काढणे. खड्डे पुट्टीने भरणे. पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. जिथून पाणी आत जाऊ शकेल तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधणे. मग प्रायमर, मग रंग. शेवटी पाण्यात ठेवून बघणे. नायना मराठी वाचत, पण सावकाश, त्यामुळे रोज संध्याकाळी काम थांबलं की ते म्हणत, "वाच बिड्डा," बिड्डा म्हणजे लेकरू. मी एकेक ओळ वाचायची, त्यांनी "झालं" म्हणायचं, मग मी खूण करायची. शेडमध्येही ते असंच करत, असं नंतर मला त्यांच्या जुन्या माणसांनी सांगितलं. माझा यादीचा नाद कुठून आला, हा प्रश्न तिथेच मिटला.

आमचं घर म्हणजे पूर्व भागातल्या एका बोळात दोन खोल्या. खाली शेजाऱ्यांचे चार माग, वर आम्ही. माग चालू असताना भिंतीवरचा आरसा थरथरे. अम्मा विड्या वळत असे, म्हणून खोलीत तंबाखूचा वास आणि धूळ. खालून जिन्याने सुताची बारीक लव वर येई आणि सगळ्यावर बसे, भातावरसुद्धा. ओल्या रंगाचे हे दोन शत्रू. म्हणून ठरलं, की रंग फक्त लोडशेडिंगमध्ये मारायचा. वीज गेली की बोळातले सगळे माग एकदम थांबत, आणि इतकी शांतता पडे की झोपलेली तान्ही मुलं दचकून उठत. तेवढ्या वेळात लव खाली बसे. अम्मा सूप घेऊन जिन्यात जाऊन बसे आणि तिथून ओरडे, "झाली का तुमच्या नवरीला हळद लावून?"

अॅल्युमिनियमला लागणारा पिवळा प्रायमर नवी पेठेजवळच्या रंगाच्या दुकानातून आणला. दुकानदार, त्यांना सगळे शेठच म्हणत, सावकाश समजावून सांगणारे गृहस्थ. नायनांनी पहिला हात मारला. ब्रश इतका सरळ, की मला वाटलं हे माणूस रंगारीच व्हायला हवं होतं. पण रंग बसेना. मारला की पुढच्या क्षणी ठिकठिकाणी मागे सरके आणि गोल डोळे पडत. भोपळ्याला जणू देवी आल्या. नायनांनी पुन्हा हात मारला, पुन्हा डोळे. तेवढ्यात वीज आली, माग सुरू झाले, आणि उरलेल्या ओल्या रंगावर लव येऊन बसली. नायना डबा घेऊन थेट दुकानात गेले. शेठनी फारसं न बोलता डबा बदलून दिला.

सगळं खरवडून पुन्हा सुरुवात. या वेळी रंग बसला. थोडा जाड मारला, दोन दिवस वाळवला, वर हिरवट राखाडीचे दोन हात. खरंच देखणी दिसत होती. शेजारणी बघून गेल्या. पण पाण्यात जायची वस्तू पाण्यात ठेवून बघितल्याशिवाय द्यायची नाही, हे यादीत होतं. आमच्याकडे चार दिवसांनी नळ येतो. अम्माकडे एक अख्खं पिंप मागणं म्हणजे काय, ते सोलापुरात राहिलेल्यालाच कळेल. तिने दिलं. "एकदाच," म्हणाली. मोटर रात्रभर त्या पिंपात राहिली. सकाळी मी बोट लावलं आणि उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं तसा रंग माझ्या हातात आला. हातभर, अखंड. आतलं अॅल्युमिनियम चकचकीत.

नायना त्या दिवशी दुकानात गेले ते मी अडवायला हवं होतं. गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं. नायनांचा आवाज तसाही दोन दुकानं पलीकडे जाणारा. "डुप्लिकेट माल विकता! गरिबाच्या पोटावर पाय देता!" शेठ म्हणाले, "जॉबरसाब, माल कंपनीचा आहे, सीलबंद." "मग कंपनी डुप्लिकेट!" लोक हसले. नायना घरी आले आणि कोपऱ्यात बसले. महादूकाकांचा फोन आला तेव्हा नायनांनी त्यांना सांगितलं, की प्रायमर खराब निघाला, दुसरीकडून आणतो. पलीकडून काका म्हणाले, "तुमी म्हंतासा तर असंल. पर जॉबरसाब, मला दुसरं इंजिन न्हाय वो. लोकांला हो म्हनून बसलोय." तेवढंच. फोन ठेवल्यावर नायनांनी पान्हे एकेक करून पेटीत भरायला घेतले. मी वहीत काही लिहिलं नाही. त्या दिवसाचं पान कोरं आहे.

पेटी पुन्हा पलंगाखाली गेली, की ती परत बाहेर येणार नाही, एवढं मला कळत होतं. कॅमेरेवाली मंडळी यायला दिवस नऊ उरले होते. मी ती सुटलेली रंगाची साल वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रफिकचाचांकडे गेले. अम्माबरोबर विडीचं पान आणायला जाणाऱ्या बिल्किसभाभी, त्यांचे हे मिस्टर. बसच्या बॉड्या बांधायच्या एका शेडमध्ये रंगाचं काम करत. बसचा पत्रा अॅल्युमिनियमचाच असतो, हे माझ्या आधीच डोक्यात यायला हवं होतं.

चाचांनी साल उजेडाला धरली, उलटी केली, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला, आणि अंगठा माझ्या नाकासमोर धरला.

"सूंग."

वास ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की तो कशाचा आहे हे पटकन सांगता येईना.

"तेल है बेटी. मशीन का तेल. रंग कू कुछ नै हुआ, रंग एकदम अच्छा है. तेल कौन लगाया?"

"कोई नै, चाचा."

"कोई नै? तो क्या रंग खुद पी के आया?" चाचांचे दोन्ही मदतनीस हसले. "जा, घर जा के देख. जो रोज होता, वो देख."

परत येताना मी रस्त्यातच थांबले. मला सगळं दिसलं. रोज संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळेला, नायना हत्यारं आवरत. मग खिशातून सुताचा बोळा काढत, तेलात भिजलेला, काळपट, आणि मोटरीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवत. माग उघडा ठेवला तर सकाळपर्यंत त्यावर तांबूस गंज चढतो, म्हणून पाळी संपताना उघड्या लोखंडाला तेलाचा हात लावायचा, ही मागवाल्यांची रीत. घरी आल्यावर पाय धुवावेत तशी. मी ते रोज पाहत होते. समोर बसून पाहत होते. आणि ज्या यादीत मी स्क्रूंच्या वाटीचं झाकणसुद्धा लिहिलं होतं, त्या यादीत हे नव्हतं, कारण ते काम आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं. सकाळी कोरडं फडकं मारलं की आमच्या मते ते स्वच्छ.

आज माझ्या रंगकामाच्या शेडमध्ये एखादं काम बिघडलं, की मी कामावरच्या पोरींना आधी यादी दाखवा असं म्हणत नाही. मी विचारते, यादीत नसलेलं काय केलंत? त्या गोंधळतात. "काही नाही, मॅडम." मग हळूहळू निघतं. कुणी हाताला व्हॅसलीन लावलेलं असतं, कुणी डोक्याला तेल लावून तोच हात पत्र्यावर ठेवलेला असतो.

नायनांना सांगायचं कसं? त्यांनी भर दुकानात एका माणसाला डुप्लिकेट म्हटलं होतं. महादूकाकांना प्रायमर खराब म्हणून सांगितलं होतं. आणि चूक निघाली ती हाताची, ज्या हातावर त्यांची सगळी पत उभी होती. अम्माला सांगावं तर तिने जिन्यातूनच जाहीर केलं असतं. मी घरी गेले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, नव्या कागदावर सगळी यादी पुन्हा लिहिली, यावेळी जशी खरोखर घडते तशी, प्रत्येक ओळीपुढे कुणी केलं त्याचं नाव. संध्याकाळी ती हातात घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आता काय वाचायचं राहिलंय?" नायना म्हणाले.

"ऐका तर." मी वाचू लागले. खरवडणे, नायना. पुट्टी, नायना. पॉलिश पेपर, नायना आणि मी. ते सवयीने प्रत्येक ओळीला "झालं, झालं" म्हणत होते. "सहा," मी म्हटलं, आणि थांबले.

"हां, सहा?"

"सहा. काम संपल्यावर तेलाचा हात फिरवणे. नायना."

खाली माग चालू होते, त्यामुळे त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटून मी पुन्हा मोठ्याने वाचलं.

"ऐकलं," ते म्हणाले. "ते कशाला लिहिलंस? ते काय काम आहे?"

मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. त्यांनी खिशात हात घातला, बोळा काढला, आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून पाहिलं.

"पहिल्या वेळेलाही?"

"दोन्ही वेळेला."

"कुणी सांगितलं?"

"रफिकचाचांनी तेल सांगितलं. कुणी लावलं ते मला कळलं."

अम्मा स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून आमच्याकडे बघत होती. तिच्या जिभेवर काहीतरी आलेलं मला दिसलं आणि तिने ते गिळलेलंही दिसलं. तव्यावरची भाकरी मात्र तिने जरा जोरात आपटली. नायना उठले. मला वाटलं, बाहेर जाऊन ओट्यावर बसतील. त्यांनी खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं नीट लावली, केस पाण्याने बसवले आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

"शेठचं दुकान आठपर्यंत उघडं असतं."

दुकानात तेव्हाही गर्दी होती. मी त्यांना खुणेने सांगू पाहिलं, की थांबू, जरा माणसं जाऊ देत. ते थांबले नाहीत. काउंटरपाशी जाऊन त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे दोन दुकानं पलीकडे जाईल अशा आवाजात, सांगितलं, "शेठ, त्या दिवशी मी तुमच्या मालाला नावं ठेवली. माल चांगला होता. माझ्या हाताला तेल होतं. चूक माझी."

एवढंच. पुढे काही जोडलं नाही. मागे एक माणूस हसायला लागला होता तो गप्प झाला. मला आजही विचारलं, की तू कशाचा अभिमान धरतेस, तर मी माझी शेड सांगणार नाही, पोरींनी रंगवलेले दरवाजे आणि जाळ्या सांगणार नाही. मी ते काउंटर सांगीन. इतक्या मोठ्याने आपली चूक सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

शेठ काउंटरवरून बाहेर आले. "जॉबरसाब, बसा. चहा घ्या." मग स्वतः थिनरची बाटली काढून माझ्या हातात दिली. "रंगाआधी ह्यानं पुसायचं, ताई. फडकं दर वेळी नवं. आणि पुसल्यावर बोट लावायचं नाही, कुणीच." मी तिथेच वही काढून लिहून घेतलं. शेठ नायनांना म्हणाले, "तुमच्याकडे सेक्रेटरी आहे की!" नायना म्हणाले, "सेक्रेटरी नाही. जॉबर आहे."

तिसऱ्या खेपेला यादी माझ्या हाताने आणि माझ्या हुकमाने चालली. बोळा अम्माच्या ताब्यात. तेलाची कुपी तंबाखूच्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली अम्माच्या कमरेला. कामाआधी दोघांनी हात रिठ्याने धुवायचे, मग सोड्याने. पण सवय कुलपाला जुमानत नाही. संध्याकाळ झाली की नायनांचा उजवा हात आपसूक खिशाकडे जाई, रिकामा परत येई, आणि ते अस्वस्थ होऊन खोलीभर फिरत. दुसऱ्या दिवशी तर मी त्यांना डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे बघताना पकडलं.

"तुमच्या हाताला काम पाहिजे ना?" अम्मा म्हणाली. तिने त्यांच्यासमोर विडीची पानं आणि कात्री ठेवली. "घ्या. कापा."

ज्या माणसाच्या एका शिट्टीवर रांगेतले सगळे माग थांबायचे, तो माणूस आठवडाभर रोज संध्याकाळी अम्माशेजारी बसून विडीची पानं कापत होता. पत्र्याचं माप ठेवून, एकसारखी. अम्मा एकेक पान उजेडात धरून बघे आणि म्हणे, "हे तिरकं." "कुठे तिरकं?" "शेडमध्ये असं चालत असेल. विडीच्या कारखान्यात नाही चालत." भांडण रंगे आणि ती वेळ निघून जाई. मोटर कोपऱ्यात कोरडी, कुणाचाही हात न लागलेली, उभी असे.

प्रायमर भोगीच्या दिवशी, दुपारच्या लोडशेडिंगमध्ये मारला. ब्रश ठेवला आणि आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. एकही डोळा पडला नाही. पिवळा रंग साय धरावी तसा धरून राहिला. त्या दिवशी अम्माने बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली होती. ती तशीच थंड होत राहिली, कारण कुणालाच तिथून उठवेना. दोन दिवसांनी वर राखाडीचे हात. शेवटी अम्माने न मागता दुसरं पिंप दिलं. रात्रभर पाण्यात. सकाळी मी बोट लावलं, मग नख, मग नायनांनी पुढे सरसावून नाणं घासून पाहिलं. काही सुटलं नाही. नायना म्हणाले, "वाच." मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली आणि ते प्रत्येक ओळीला "झालं" म्हणाले.

रविवारी नायना आणि मी मोटर घेऊन पहाटेच्या एसटीने गेलो. टेंभुर्णीला महादूकाका जीप घेऊन उभे होते. चादर सोडून त्यांनी मोटर उन्हात धरली आणि फिरवली. "आयला," एवढंच म्हणाले. पाण्याच्या काठाला कॅमेरेवाली तीन माणसं येऊन थांबली होती. त्यातल्या एक बाई मोटरीकडे बघून म्हणाल्या, "नवीन घेतली का हो?"

"नवी?" महादूकाका म्हणाले. "सोलापुरातनं करून आनल्या. ह्ये काय, करणारं मानूसच घिऊन आलोय. बसा की निवांत."

आम्ही दोघंही बसलो. काकांनी बटण फिरवलं. काठ मागे जाऊ लागला. नायना इकडे तिकडे बघत होते, मग त्यांनी मला विचारलं, त्यांच्या मानाने हळू, "चालू आहे का?" आवाज करणाऱ्या यंत्रांत जन्म गेलेल्या माणसाला न बोलणारं यंत्र पटत नव्हतं. काकांनी त्यांना जवळ बोलावलं. नायनांनी नळीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि त्यांचा चेहरा शेडमध्ये चांगला चालणाऱ्या मागापुढे व्हायचा तसा झाला. "चालू आहे," ते म्हणाले. पुढे उथळ पाण्यात पक्षी उभे होते, शेकडो, पाय आणि चोची गुलाबी. आम्ही इतक्या जवळ गेलो की त्यांचं पाणी चाळणं ऐकू येत होतं. निदान मला. एकही उडाला नाही. कॅमेऱ्यांची टिकटिक तेवढी चालू होती. महादूकाका कानापर्यंत हसत होते. त्या मंडळींनी तिथेच पुढचे दोन रविवार ठरवले.

परत आल्यावर काकांनी क्लॅम्प सैल करून मोटर वर ओढली. नायनांनी ती पुसायला घेतली, कोरड्या फडक्याने, आणि क्लॅम्पच्या आतल्या बाजूला त्यांचं बोट थांबलं. रंगवताना मोटर ज्या आकड्याला टांगली होती तो आकडा तिथे टेकत होता. दोन बोटं रुंद जागा, नुसतं लोखंड, ना प्रायमर, ना रंग.

"हे राहिलं," नायना म्हणाले. "आज परत नेतो. आठ दिवसांत देतो."

महादूकाकांनी मोटर जवळजवळ कुशीतच घेतली. "आता न्हाय सोडत, जॉबरसाब. दुपारी दुसरं गिऱ्हाईक हाय. हंगाम झाला की मीच आनतो की."

त्या हंगामात काकांच्या ओळखीने फुगवट्यावरच्या आणखी बोटींची कामं आमच्या दोन खोल्यांत आली, जिना पुरेना, आणि त्यातूनच पुढे एमआयडीसीत माझी शेड उभी राहिली. मोटर आजही चालते. बॅटऱ्या बदलल्या, पंखा एकदा बदलला, रंग तोच. हंगाम संपला की मी फोन करते. काका म्हणतात, "आनतो की, यंदा नक्की." मग मासेमारी सुरू होते, मग लग्नसराई, मग पक्षी परत येतात. नायना आता शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि महिन्यातून एकदा तरी विचारतात. मी पिवळ्या प्रायमरची लहान डबी त्या कामासाठी वेगळी ठेवते. ती वाळून जाते, मी दुसरी आणते. दर वर्षी नवी वही घातली की राहिलेली कामं जुन्या वहीतून उतरवून घेते, आणि पहिली ओळ हीच असते: महादूकाकांची मोटर, क्लॅम्पची आतली बाजू, दोन बोटं जागा. बाकी.